जहाजावरची बोंडअळी

भर समुद्रात जहाजावर सुशी मिळते का, आणि मिळाली तर कशी असते, हे मोताळ्यात छातीठोकपणे सांगू शकणारी बाई बहुधा मी एकटीच असेन. कुणी विचारत नाही ही गोष्ट वेगळी. विचारलं तर माझं उत्तर तयार आहे. मिळते. दुपारी चहाच्या वेळेला मिळते. भात गार असतो, काकडीची बरी लागते, बाकीच्यांबद्दल मी खात्री देत नाही. आणि तिसऱ्या दिवशी ती अख्ख्या जहाजावर बंद झाली, ती आमच्यामुळे.

आमच्यामुळे म्हणजे विदर्भातल्या कृषी केंद्रवाल्यांमुळे, आणि नेमकं सांगायचं तर माझ्या नवऱ्यामुळे.

आमचं मोताळ्यात बियाण्यांचं, खतांचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान आहे. काउंटरच्या आत ह्यांची खुर्ची आणि बाहेर पायरीवर एक लाकडी बेंच. हे खुर्चीत बसणार, शेतकरी बेंचवर. लग्न होऊन संग्रामपूरहून या घरात आले तेव्हापासून ही मांडणी मी अशीच पाहत आले. दुपारी हे जेवायला घरात आले की मी काउंटरवर बसते, त्यामुळे कोणत्या अळीला कोणतं औषध हे मला स्वयंपाकाइतकंच पाठ आहे.

त्या बेंचवर सगळ्यात जास्त कोण बसलं असेल तर चाचा. हे नाव आमच्या मुलांनी पाडलेलं. चाचा आणि हे पहिलीपासून एका वर्गातले. चाचांचं शेत गावाबाहेर रस्त्याला लागून, वडिलांकडून आलेलं. रोज सकाळी शेतात जाताना ते बेंचवर थांबायचे, आमच्याकडचा चहा घ्यायचे आणि तो कसा पाणचट आहे हे मला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचे. दोघांच्या तोंडून एकमेकांबद्दल गोड शब्द मी कधी ऐकला नाही. "काय बे, झोपून राह्यला का अजून?" इथून त्यांचा दिवस सुरू व्हायचा.

मे महिन्यात मात्र चाचा जरा सरळ बसायचे आणि विचारायचे, "या साली काय लावू?" त्यांचा प्रश्न पुरा व्हायच्या आत हे मागच्या फळीवरून कपाशीचं पाकीट काढून काउंटरवर आपटायचे. "हे लाव. डोये मिटून लाव." आणि चाचा खरंच डोळे मिटून लावायचे. अळीला दाद न देणारं बीटी बियाणं आलं तेव्हा पहिली काही वर्षं हे चाललंही. फवारणीचे पंप लोकांच्या ओसरीत गंजले, ह्यांचा सल्ला म्हणजे पंचक्रोशीत काळ्या दगडावरची रेघ झाली. ह्यांची मान तेव्हा जी ताठ झाली ती झोपेतही वाकत नसे. मी उशी बदलून पाहिली.

मग ते साल आलं. आधी फुलं उमलेनात, पाकळ्या एकमेकींना चिकटलेल्या. मग बोंडं वरून हिरवीगार आणि आतून पोकळ. शेंदरी बोंडअळी, रंगाने गुलाबी, आत शिरते तेव्हा बाहेरून काही दिसत नाही. बोंड खोलून पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून आमच्याकडे कुणीही, कुणाच्याही शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून जाताना एखादं बोंड तोडतो, अंगठ्याच्या नखाने फोडतो आणि आत पाहतो. ती सवयच आहे. पाहुणे येऊन बसले तरी हातात बोंड असतं.

त्या वर्षी ह्यांनी एकही बोंड फोडलं नाही. शेताच्या कडेने चालताना हात खिशात घालायचे. मला आधी वाटलं थंडी आहे.

खरं कारण असं की कंपनीच्या साहेबांनी सगळ्या दुकानदारांना गोळा करून शिकवून ठेवलं होतं, की कुणी अळी म्हणालं तर वातावरण म्हणा. आणि त्याच बैठकीत त्यांनी जाहीर केलं होतं, की सर्वात जास्त पाकिटं विकणाऱ्यांना कंपनी सपत्नीक समुद्रावर नेणार, सिंगापूरहून सुटणाऱ्या मोठ्या जहाजातून. त्यात आमचा नंबर होता. दोन गोष्टी एकाच दमात सांगितल्या की माणूस दोन्हींना मान डोलावतो.

एका सकाळी चाचा आले ते बेंचवर बसले नाहीत. त्यांनी गाठ मारलेली एक पिशवी काउंटरवर ठेवली. आत हिरवी बोंडं.

"पाय," ते म्हणाले, म्हणजे पाहा.

"वातावरण आहे बे यंदा," हे म्हणाले.

"मी वातावरण नाही आणलं, बोंडं आणले. मले कागद नको, भरपाई नको. तू फक्त खोलून पाय अन सांग काय हाय ते."

"ठेव. पाहतो नंतर."

"आत्ता पाय. एकच खोल."

ह्यांनी पिशवी उचलून खाली ठेवली आणि पायाने काउंटरखाली सरकवली. मी चहा घेऊन आले होते. चाचांनी माझ्याकडे पाहून "राहू द्या भाभी" एवढंच म्हटलं आणि गेले. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाहीत. आठवड्याच्या बाजारात ते रस्त्याच्या पलीकडून गेले आणि हे छताच्या पंख्याकडे पाहत बसले.

मला ह्यांचा फार राग आला होता. पण मला समुद्रही पाहायचा होता, उगाच खोटं कशाला बोलू. तोवर मी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे नळगंगेचं धरण.

हे जावं की नाही या विचारात होते. सहलीचा गवगवा करायचा नाही, अकोल्याला दातांसाठी चाललो असं सांगायचं, असं आमचं ठरलं. पण कंपनीने परस्पर चौकात फलक लावला. हार्दिक अभिनंदन, जहाज सफर, आणि खाली ह्यांचा फोटो. छापणाऱ्याने हौसेने ह्यांचं डोकं जहाजाच्या कप्तानाच्या पांढऱ्या कपड्यांवर बसवलं होतं. खांद्यावर सोनेरी पट्ट्या, डोक्यावर टोपी, आणि टोपीखाली आमच्या आधार कार्डावरचा घाबरलेला चेहरा. ज्यांच्या शेतात बोंडं पोकळ निघाली ती सगळी माणसं त्या फलकाखालून एसटीला जात होती. एक म्हातारे माझ्यासमोर थांबून ह्यांना म्हणाले, "कप्तान सायेब, दाताचा दवाखाना बोटीत हाय काय?"

आम्ही गेलो.

जहाजाबद्दल काय सांगू. ते जहाज नव्हतंच, अख्खं बुलढाणा उचलून पाण्यावर ठेवल्यासारखं होतं, फक्त चढ नव्हता आणि लिफ्ट होती. आमच्या टोळीसाठी वेगळा जेवणाचा हॉल होता. तिथे सकाळी पोहे, दुपारी वरण-पोळी. बुलढाणा, अकोला, यवतमाळकडचे कृषी केंद्रवाले आपापल्या बायकांसह रांगेत उभे राहून पोह्यात शेंगदाणे कमी आहेत अशी तक्रार करत होते. चार दिवस समुद्र बाजूला आणि आमची चर्चा मालगाडीने येणाऱ्या युरियाच्या रॅकवर.

सुशी वरच्या मजल्यावर, पोहण्याच्या तलावाजवळ मिळायची. तिथे काचेची पेटी होती आणि पेटीमागे काळी टोपी घातलेला एक आचारी. मी त्याला जपानी समजून नुसती मान हलवली, तर तो म्हणाला, "दीदी, वेज चाहिए या नॉनवेज?" तो नेपाळचा निघाला. पहिल्या दिवशी मी काकडीची घेतली. काळ्या-हिरव्या पापुद्र्यात गुंडाळलेला भात, मधोमध काकडी, गोल कापलेला तुकडा. भात गार आणि जरा आंबट. आमच्याकडे गार, आंबट भात वर्षातून एकदाच असतो. कापूस वेचायला लागायच्या पहिल्या दिवशी शेतात दहीभात शिंपडतात, पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीच्या झाडांना, नैवेद्य म्हणून, आणि उरलेला आपण खातो. त्या भाताची आठवण आली. मला आवडली म्हटलं तरी चालेल. दुसऱ्या दिवशी भाताच्या कडा वाळल्या होत्या. मी आचाऱ्याला तसं सांगितलं. त्याने कान पकडून माफी मागितली आणि ताजा गुंडाळून दिला. माशाची मात्र मी घेतली नाही. धरणातला मासा मी तिखट-मीठ लावून कडक तळते, तेव्हा कुठे माझा त्याच्यावर विश्वास बसतो.

हिरवी चटणी असते सोबत, वाटाण्याएवढी. खामगावकडचे एक दुकानदार "आमच्या ठेच्यापुढं हे काय" म्हणत ती बोटाने चाटून गेले आणि जेवणापर्यंत कुणाशी बोलले नाहीत. एवढं दर्जाबद्दल पुरे.

तिसऱ्या दिवशी दुपारी कंपनीचा कार्यक्रम होता. आम्हाला एका सजवलेल्या हॉलमध्ये बसवलं. दिवे मंद करून पडद्यावर कपाशीची फिल्म दाखवली. पांढरंशुभ्र शेत, हसणारा शेतकरी, गाणं. बाहेर समुद्र, आत कापूस. कंपनीचे साहेब नवीन कोट घालून पुढच्या वर्षीची पाकिटं किती विकायची ते सांगत होते. दुकानदार टाळ्या वाजवत होते, पण हात शेकोटीवर धरल्यासारख्या. त्यांतला प्रत्येक जण घरी काउंटरखाली काही ना काही सरकवून आला होता. बायका एकमेकींशी बोलल्या म्हणून मला हे माहीत.

मग साहेबांनी खास आश्चर्य जाहीर केलं. सगळ्यांनी काड्यांनी एकेक सुशी उचलायची, कंपनीच्या फलकासमोर धरायची आणि फोटो काढायचा. नेपाळी आचारी आणि त्याचे दोन मदतनीस मोठमोठी ताटं घेऊन आले आणि लांब टेबलावर मांडून गेले.

मी ताटाकडे पाहिलं. बाहेरून हिरवट काळं कवच. आत पांढरं, गच्च. आणि पांढऱ्याच्या बरोबर मधोमध एक गुलाबी तुकडा, ओला, चकचकीत. आडवं कापलेलं बोंड, आणि आत ती. असली शेकडो, ओळीने मांडलेली, मधे कुठे कुठे काकडीची.

साहेब म्हणाले, "उचला, उचला." कुणी काडीला हात लावेना. मग पुढे बसलेल्या यवतमाळकडच्या एका वयस्कर दुकानदाराने हात पुढे केला, एक तुकडा उचलला आणि अंगठ्याच्या नखाने मधोमध फोडला. आत पाहिलं. बाजूला ठेवला. दुसरा फोडला, पाहिलं, बाजूला ठेवला. त्यांनी हे मुद्दाम केलं नाही. तो हातच तसा आहे. मग शेजारच्याने फोडला. मग सगळ्यांनीच. कुणी काही ठरवलं नव्हतं, पण थोड्याच वेळात टेबलावर दोन ढीग झाले, काकडीचे एकीकडे आणि गुलाबी दुसरीकडे. निरोगी आणि लागण झालेले. काही जण लागण किती हे हळू आवाजात बोलूही लागले. खायचं कुणाच्या मनातही नव्हतं.

आणि ह्यांचे हात खिशातून बाहेर आले होते. अख्खं वर्ष एक बोंड न फोडलेला माझा नवरा समुद्राच्या मधोमध उभा राहून एकामागून एक सुशी फोडत होता. कपाळावर घाम.

आचारी धावत आला. "क्या हुआ सर? कुछ शिकायत है?"

हे वर न पाहता म्हणाले, "इल्ली है."

"सर?"

"गुलाबी इल्ली है. सब में है."

इल्ली म्हणजे अळी. हा शब्द ह्यांच्या तोंडून त्या वर्षी पहिल्यांदा निघाला. मी शेजारी उभी होते, मला चांगलं आठवतं. नंतर मी विचारलं, की अहो मासा होता तो, तुम्हाला कळलं नाही का. तर म्हणाले, "मले खरंच दिसली."

आचाऱ्याचा चेहरा पांढरा पडला. कच्च्या माशात अळी म्हणजे त्यांच्या धंद्यात बॉम्ब असल्यासारखंच असणार. तो पळाला आणि स्वयंपाकघराच्या मुख्य बाईंना घेऊन आला. उंच, गोऱ्या, गळ्यात टाय, हातात बॅटरी. त्या येताच आमचे साहेब मधे घुसले, दोन्ही हात पसरून हसले आणि सवयीने बोलून गेले, "कुछ नहीं, कुछ नहीं मॅडम. वातावरण की वजह से है."

आचाऱ्याने ते त्यांच्या भाषेत सांगितलं. बाईंनी छताकडे पाहिलं, वातानुकूलित हॉलच्या भिंतींकडे पाहिलं, मग साहेबांकडे पाहून काहीतरी विचारलं. आचारी म्हणाला, "मॅडम पूछ रही हैं, कौन सा वातावरण?"

साहेब नव्या कोटाची बटणं लावू लागले. मला फार बरं वाटलं.

मग बाई ह्यांच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. ह्यांना वाटलं आता झडती होणार, कारण पावती दाखवा, साठवण कशी केली सांगा, दुसऱ्या कुणाचं बियाणं मिसळलं नाही ना, असं विचारायची पद्धत ह्यांना माहीत होती. बाईंनी तसलं काही विचारलं नाही. त्या काही वाक्यं बोलल्या आणि आचाऱ्याने ती सांगितली. "मॅडम कहती हैं, आपने देखा है तो हम भी देखेंगे. आपके सामने."

त्यांनी हातमोजे चढवले. एक पांढरी परात मागवली. टेबलावरचे सगळे तुकडे आणि उरलेल्या ताटांतले सगळे, एकेक करून स्वतःच्या हाताने उलगडले. पापुद्रा वेगळा, भात वेगळा, मासा वेगळा, आणि प्रत्येकावर बॅटरी. आमचे दुकानदार भोवती कडं करून उभे. एवढ्या वेळात त्या एकदाही चिडल्या नाहीत, घड्याळाकडे पाहिलं नाही. साहेब मागे फोटोवाल्याला थांबवत होते.

अळी अर्थातच निघाली नाही. निघणार कुठून. बाईंनी बॅटरी बंद केली, हातमोजे काढले आणि ह्यांना सांगितलं की मला काही सापडलं नाही, पण तुम्हाला त्रास झाला याबद्दल मी दिलगीर आहे, आणि सगळं स्वयंपाकघर तपासून होईपर्यंत आम्ही हे जहाजावर कुणालाही वाढणार नाही. ह्यांनी मान खाली घातली. मला वाटतं ती मान पहिल्यांदाच तेवढी वाकली.

वर तलावाजवळच्या काचेच्या पेटीवर पडदा पडला आणि पाटी लागली. सहल संपेपर्यंत सुशी मिळाली नाही. मी मुद्दाम दोनदा जाऊन पाहिलं. पाटीपुढे एक गोऱ्या आजीबाई उभ्या होत्या, रिकामी बशी हातात. त्यांनी मला पाटीकडे बोट दाखवून दुःखाने बरंच काही सांगितलं. मी "हो ना" म्हणाले. दुसरं काय म्हणणार, आमच्या ह्यांनी बंद पाडली म्हणून?

हे कठड्याशी उभे होते. खाली पाणी, वर ऊन. मी शेजारी जाऊन उभी राहिले. मला वाटलं लाज वाटत असेल. दुसऱ्या दुकानदारांनी चिडवायला सुरुवात केलीच होती.

"पिशवी कुठं हाय?" हे म्हणाले.

"कोणती?"

"त्याची."

"काउंटरखाली. जिथं तुम्ही सरकवली तिथंच."

"त्या बाईनं समदे खोलून पाह्यले," ते म्हणाले. "तिचा अन माह्या काय संबंध?" मग, "त्यानं एकच खोल म्हटलं होतं."

चिडायचं मी महिनाभर साठवून ठेवलं होतं, पण त्या वेळी मला त्यांची दया आली. समुद्र मी त्या दिवशी फारसा पाहिला नाही.

घरी पोचलो त्या दिवशी ह्यांनी बूट न काढता दुकान उघडलं, वाकून काउंटरखालून पिशवी ओढली आणि गाठ सोडली. आतून करड्या रंगाची बारीक पाखरं निघाली. बोंडांतल्या अळ्यांची पाखरं झाली होती, काही मेलेली, काही जिवंत. जिवंत होती ती दुकानभर उडाली आणि मागच्या फळीवर, कंपनीच्या नव्याकोऱ्या डब्यांवर जाऊन बसली. मी झाडू आणायला निघाले तर हे म्हणाले, "राहू दे." त्यांनी पिशवी परत बांधली आणि चालत निघाले. मीही मागे निघाले, कारण मला राहवेना.

चाचांच्या शेतात पऱ्हाटी नव्हती. उपटून धुऱ्यावर जळणाचा ढीग रचला होता. ढिगाशेजारी शेळ्यांसाठी केलेली झोपडी आणि झोपडीवर छप्पर म्हणून चौकातला तो फलक. छापील बाजू आतून लावलेली. कप्तानाची टोपी घातलेले आमचे हे वरून शेळ्यांकडे घाबरून पाहत होते आणि शेळ्या रवंथ करत होत्या.

चाचा बाहेर आले. ह्यांना पाहून थांबले.

"आले कप्तान," ते म्हणाले. "आता काय पाहाले आला? उपटून टाकली."

हे धुऱ्यावर मांडी घालून बसले, पिशवी पुढे ओतली आणि पहिलं बोंड उचलून नखाने फोडलं. बोंडं आता वाळली होती, नख लागत नव्हतं, मग दगडाने ठेचलं. आत काळी पडलेली सरकी, किडकी रुई आणि अळीची घाण. हे चाचांना दाखवून म्हणाले, "अळी हाय." दुसरं फोडलं. "अळी हाय." प्रत्येक बोंडाला तेच. चाचा पाठ फिरवून उभे होते. हे थांबले नाहीत. पिशवी निम्मी झाल्यावर चाचा येऊन पलीकडे उकिडवे बसले. सगळी बोंडं संपल्यावर हे म्हणाले, "तुह्या शेतात अळी होती. माह्याच बियाण्यात. मले माहीत होतं, म्हणून मी पाह्यलं नाही."

चाचांनी ठेचलेल्या बोंडांवरून हात फिरवला. "अन जहाजावर काय खाल्लं म्हणे?"

मग ह्यांनी सुशीची हकीकत सांगितली. दोन ढीग, बॅटरी, बाई, पाटी, सगळं. मी मधेमधे चुका सुधारत होते. चाचा एकदाही हसले नाहीत. शेवटी त्यांनी विचारलं, "अन निंगाली का त्याच्यात?"

"नाही."

"कायले निंगते," चाचा म्हणाले. "समदी तर इथं होती."

ते उठले आणि शेळ्यांकडे गेले. आम्ही उठलो आणि परत आलो.

मला वाटलं होतं दुसऱ्या दिवशी चाचा बेंचवर असतील. नव्हते. त्या आठवड्यात नाही, त्या महिन्यात नाही. हे मात्र बदलले. बोंडं घेऊन जो येईल त्याची बोंडं हे त्याच्या समोर फोडू लागले आणि जे दिसेल ते तोंडाने सांगू लागले. कंपनीच्या साहेबांचा फोन आला, मग आणखी एकदा आला, मग यायचा बंद झाला. पुढच्या वर्षी सहलीच्या यादीत आमचं नाव असणार नाही हे सांगायला कुणाची गरज नव्हती. मागची फळी निम्मी रिकामी झाली. सकाळी चहा करताना माझा हात अजून एका कपाचं जास्तीचं पाणी टाकायचा आणि मला त्या गोष्टीचा राग यायचा.

मे महिन्यात ऊन चढायच्या आत एके सकाळी चाचा आले. पायरी चढले, उपरण्याने बेंच झटकला आणि बसले. हे खुर्चीत होते. दोघांनी एकमेकांना शिवी दिली नाही, म्हणजे प्रकरण नाजूक होतं. मी आतल्या दारात थांबले.

"या साली काय लावू?" चाचांनी विचारलं.

ह्यांचा हात सवयीने मागच्या फळीकडे गेला आणि अर्ध्यात थांबला. तिथे दुसऱ्या कंपनीची पाकिटं होती, चांगली दिसणारी. मग ह्यांनी हात खाली घेतला.

"मले नाही माहीत," हे म्हणाले.

इतक्या वर्षांत हे वाक्य त्या काउंटरच्या आतून मी ऐकलं नव्हतं. चाचांनीही नसावं. त्यांनी ह्यांच्याकडे नीट पाहिलं.

"मंग आत बसून काय करून राह्यला बे?" ते म्हणाले. "इकडं ये."

हे काउंटरची फळी उचलून बाहेर आले आणि बेंचवर त्यांच्या शेजारी बसले. मी चहा टाकायला आत वळले. दोघं बसले की तो बेंच मधे वाकतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.